गिनीपिग आणि वजनकाटा

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय वाचून एका जुन्या स्नेह्यांनी काल फोन केला. "डॉक्टर, उंदरावर तासभर बोलणार?" उंदीर नव्हे हो, गिनीपिग. आणि तास कशाला, अर्धा पुरे.

मागच्या एप्रिलात पाचवीतली एक मुलगी बुटाच्या खोक्यातून आपला गिनीपिग घेऊन दवाखान्यात आली. आई म्हणाली, "दोन दिवस खात नाही, पण आजारी दिसत नाही." तिथंच सगळं आलं. मूळ अँडीज पर्वतातला हा जीव म्हणजे ससाण्या-कोल्ह्यांच्या तोंडचा घास. दुखणं दाखवलं की मेलाच. तो आपल्या घरातही ते लपवतो. शिवाय त्याचं आतडं सतत चालू असावं लागतं. दिवसभर खाल्लं नाही तरी जिवावर बेततं.

सांध्यांना हात लावला तर किंचाळला. हिरड्यांतून रक्त. "खायला काय घालता?" काकडी, आणि दुकानदारानं दिलेलं पोपटाचं धान्य. हा स्कर्व्ही. आपल्यासारखंच गिनीपिगचं शरीरही क जीवनसत्त्व बनवत नाही. नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी बेरीबेरीच्या शोधात गिनीपिगना नुसतं धान्य घातलं, तर झाला स्कर्व्ही. १९०७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तोच प्रयोग या घरात नकळत पुन्हा चालू होता.

किलोभर वजनाच्या गिनीपिगला रोज १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. ढोबळी मिरचीची एक जाडसर फोड दिलीत की भागतं. पेरूही चालतो, पण बोटाच्या पेराएवढाच, साखर असते. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब टाकू नका. उजेडात औषध उतरतं आणि चव बदलली म्हणून तो पाणीच टाकतो. कांदा-लसूण अजिबात नको. घरातल्या पोराचं उरलेलं अँटिबायोटिक तर मुळीच नको, पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात.

मात्र मुख्य अन्न गवत. दात जन्मभर वाढतात, ते गवत रवंथल्यासारखं चावूनच झिजतात. वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. लसूणघास लहान पिलांना ठीक, मोठ्यांना रोज घातला तर कॅल्शियमनं मुतखडे होतात. गणपतीत जादा आणलेल्या दूर्वा, हळदकुंकू न लागलेल्या, धुऊन घाला. बघा कसा तुटून पडतो!

उन्हाळ्यात पिंजरा गॅलरीत नको. पारा २७ च्या वर गेला की त्याला त्रास सुरू. बसायला थंड फरशीचा तुकडा द्या. तळाला जाळी नको, तळपायांना जखमा होतात.

एकटा ठेवू नका. स्वित्झर्लंडमध्ये तर कायद्यानंच तशी मनाई आहे. पण जोडी नर-मादीची नको. दुकानदार "दोन्ही माद्याच आहेत" म्हणतो आणि दोनेक महिन्यांत उघड्या डोळ्यांची, अंगभर केसांची पिलं धावू लागतात.

दुखणं तो लपवतो, पण वजन लपवता येत नाही. म्हणून त्या मुलीला मी एकच काम दिलं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटीत बसवून वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं. तेव्हा भरलं होतं ६४० ग्रॅम. जूनमध्ये वही दाखवायला आली. शेवटची नोंद: "७६० ग्रॅम. फ्रिज उघडला की शिट्ट्या मारतो. काटा घाण केला, आई चिडली."