लेन्ससाठी कर्ज द्यायचं का?



बचत गटाच्या सभेत शिलाई मशीन, शेळ्या, मसाल्याचं साहित्य यांसाठी कर्ज मागितलं की आपल्याला लगेच समजतं. पण एखाद्या ताईची मुलगी लग्नाचे फोटो काढते आणि तिला महागडी लेन्स हवी आहे, असं म्हटलं की सभा गप्प होते. कोणी म्हणतं, "मोबाईलवर निघतात की!" कोणी म्हणतं, "चांगली लेन्स आली की कामं आपोआप येतील." आम्हांला दोन्ही बोलणी अर्धी वाटतात.

हा प्रश्न काही आजचा नाही. दादासाहेब फाळक्यांना सिनेमा काढायचा होता. त्यासाठी १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. यंत्राशिवाय अडलंच होतं. पण भांडवल मिळालं ते कशावर? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीची रोज थोडी थोडी चित्रं घेतली आणि रोप झरझर वाढताना दाखवलं. ती चिकाटी कॅमेऱ्याबरोबर विकत आली नव्हती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडली, फिल्म धुतली. चित्रीकरणाच्या वेळी त्या पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत, म्हणजे ऊन परतून नटांच्या तोंडावर पडे. ३ मे १९१३ रोजी गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यामागे हे कष्टही होते.

तीच चादर आपल्याही घरात आहे. पापडाच्या पाकिटाचा फोटो काढायचा तर ते सकाळी दाराशी ठेवा, पण थेट उन्हात नको. अंधाऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा पुठ्ठा धरा. मोबाईलची काच मऊ सुती कापडाने पुसा. बोटांनी चित्र मोठं करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. माणसाचा फोटो मात्र अगदी जवळून काढू नका, नाक मोठं दिसतं.

मग महाग लेन्स कशाला? दोन ठिकाणी ती खरोखर लागते: अंधारात आणि लांबून. रात्रीच्या हळदीला चादर धरून काय उपयोग? लेन्सवर एक आकडा असतो. तो जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. १.८ ची लेन्स ३.५ च्या लेन्सपेक्षा जवळजवळ चौपट उजेड घेते. गर्दीमागून स्टेजवरचा चेहरा टिपायचा तर लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी. तिथे "हात चांगला असला की झालं" म्हणणं मुलीवर अन्याय आहे. पण कुठे उभं राहायचं आणि आईचे डोळे कधी भरून येतात, हे कुठलीच लेन्स सांगत नाही.

म्हणून कर्जाचा अर्ज आला तर तिला तीन गोष्टी विचारा. दिवसाउजेडी काढलेले फोटो दाखव, ते चांगले आहेत का? तुझं नेमकं कुठे अडतं, अंधारात की लांबून? आणि तशी लेन्स भाड्याने आणून दोन-तीन कामं केलीस का? ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. भाडं, प्रवास वजा जाता हातात काय उरलं, ते वहीत लिहून आणायला सांगा. त्यातून हप्ता निघत असेल तर खुशाल कर्ज द्या. मुलगी आहे म्हणून हात आखडू नका. निघत नसेल तर आणखी सहा महिने भाड्याने काम करू द्या. तोवर तिचा हात बसेल आणि गटाचा पैसाही सुरक्षित राहील.

तो पैसा आपण पै-पै करून जमवलेला आहे. त्यातून लेन्स घेतली तरी हप्ता फिटायचा तो तिच्या कामातूनच. पुढच्या सभेत या तीन प्रश्नांवर जरूर बोला.