मेक्सिको सिटी, भाड्याची खोली आणि आईपासून लपवलेला भूकंप

आजच्या भागात पाहुणा कोणी नाही, मीच बोलणार आहे. बरेच जण विचारतात, "तू मेक्सिकोत शिकायला होतास, तिथे रोज कसं राहायचास?" तर २०२२ मधली गोष्ट सांगतो.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटर उंच आहे. पहिले काही दिवस दोन जिने चढलो तरी धाप लागायची. खोली एका म्हाताऱ्या सेन्योरांच्या घरात होती. प्यायचं पाणी नळाचं नाही, वीस लिटरचा जार विकत घ्यायचा. मेट्रोचं तिकीट पाच पेसो, कितीही लांब जा. प्रत्येक स्टेशनला नावासोबत एक चित्र असतं. मला स्पॅनिश धड येत नव्हतं, त्यामुळे मी चित्रं बघूनच उतरायचो.

दुपारचं जेवण दोन-तीनच्या पुढे. छोट्या खानावळीत सूप, भात, एक भाजी किंवा मटण-चिकन, टॉर्टिया अन् सरबत असं ताट मिळतं. शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूसही जाताना "प्रोव्हेचो" म्हणतो, म्हणजे सावकाश जेवा. तिथलं लाल 'हमायका' सरबत प्यायलो अन् चव ओळखीची वाटली. ते निघालं आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं! रस्त्यावर 'अलेग्रिया' नावाची वडी मिळते, ती म्हणजे चक्क राजगिऱ्याची चिक्की. अलेग्रियाचा अर्थ आनंद. आपण उपासाला खातो ते मिरची, बटाटा, शेंगदाणे, राजगिरा सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तिथं उपास करायला काय हरकत आहे तुला?"

आईला असलं सगळं सांगायचो. एक गोष्ट मात्र सांगितली नाही.

१९ सप्टेंबर, सोमवार. १९८५ साली याच तारखेला मेक्सिको सिटीत मोठा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. २०१७ मध्ये पुन्हा त्याच तारखेला झाला. म्हणून दरवर्षी त्या दिवशी सराव असतो. किनाऱ्याकडे जमीन हलली की तिथले सेन्सर रेडिओने शहराला कळवतात. हादऱ्यापेक्षा सिग्नल वेगाने येतो, म्हणून लोकांना काही सेकंद मिळतात. दुपारी १२:१९ ला सरावाचा भोंगा वाजला, आम्ही हसत खाली उतरलो, परत वर आलो. अन् १:०५ ला भोंगा परत वाजला. मला वाटलं, चुकून वाजला असेल. सेन्योरांनी माझा दंड धरला अन् ओढतच रस्त्यावर आणलं. विजेच्या तारा झोके घेत होत्या. भूकंप ७.७ चा होता. आमच्या इमारतीचं थोडं प्लास्टर पडलं, बाकी काही नाही.

भारतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. मी मेसेज टाकला, "जेवलो. सगळं ठीक."

खोटं का बोललो? माझं आजोळ किल्लारीच्या बाजूला, लातूर जिल्ह्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिची धाकटी बहीण त्यात गेली. एवढंच मला माहीत होतं, कारण आमच्या घरात त्यावर कोणी बोलत नाही.

तीनच दिवसांनी, २२ तारखेला रात्री सव्वा वाजता, परत भोंगा. यावेळी मी अनवाणीच पळालो. सेन्योरा गाऊनवर शाल गुंडाळून फुटपाथवर बसल्या होत्या. त्यांनी मला शेजारी बसवलं अन् "मीहो" म्हणाल्या, म्हणजे माझ्या लेकरा. तेवढ्यात फोन वाजला. आईने टीव्हीवर पट्टी पाहिली होती.

"सोमवारी पण झाला होता ना?"

मी गप्प.

"लेकरा, तू लपवलास म्हणून मला कळत नाही होय? तुझ्या 'सगळं ठीक'वरूनच कळलं."

मग ती अर्धा तास बोलली. त्या पहाटेचा अंधार, धूळ, बहिणीला हाका मारणं, अन् नंतर कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमध्ये झोपणं. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होतो. शेवटी म्हणाली, "चपला दाराकडं तोंड करून ठेव. उशाशी बॅटरी ठेव. अन् त्या बाईंना एकटं सोडू नको."

त्या रात्रीपासून चपला तशाच ठेवल्या. आज पुण्यातही तशाच ठेवतो. सेन्योरांच्या दारावर झोपायच्या आधी एकदा टकटक करायचो, त्या आतून "इथेच आहे" म्हणायच्या.

तुमच्यापैकी जे बाहेर शिकताय, त्यांना एकच सांगतो. घरच्यांना काळजी नको म्हणून आपण गोष्टी गाळतो. पण कधी कधी त्यांच्याकडेही गाळलेलं काहीतरी असतं. आज फोन कराल तेव्हा "जेवलास का"च्या पुढे थोडं बोला.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!