हात रिकामा ठेवू नका



दिवसभर रानात राबून तुम्ही रात्री इथे येता. पाटी घेऊन बसता. याचे आम्हाला फार कौतुक वाटते. आज धडा नाही. आज चार शब्द बोलायचे आहेत.

माणसावर संकट येते. कुणाचे पीक जाते. कुणाच्या घरचे माणूस जाते. कुणी आजाराने किंवा अपघाताने अधू होतो. हे नुकसान डोळ्यांना दिसते. पण त्याच्या मागोमाग आणखी एक नुकसान होते, ते दिसत नाही. माणसाला वाटू लागते, "आता माझा काय उपयोग?" हे फार वाईट. पीक पुढच्या साली येईल. पण मन एकदा खाली बसले, की लवकर उठत नाही.

आमचेच सांगतो. आम्ही ३४ वर्षे शाळेत शिकवले. नोकरी संपली आणि वर्षाच्या आत मुलांची आई वारली. मुलगा-सून शहरात. आम्ही नुसते ओसरीवर बसून असायचो. सकाळी शाळेची घंटा वाजायची. अंग आपोआप उठायचे. मग आठवायचे, आता आपली वाट बघणारे कुणी नाही. पुन्हा बसायचो. लोक यायचे, "गुरुजी, धीर धरा" म्हणायचे आणि जायचे. त्यांची माया खरी होती. पण तेवढ्याने दिवस सरत नव्हता.

एके दिवशी आमच्या आळीतला एक शेतकरी आला. कडबाकुट्टीत वैरण घालताना त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे गेली होती. जखम भरली, पण तो घराबाहेर पडेना. त्या दिवशी कामासाठी बँकेत जावे लागले. कागदावर अंगठा उमटवायची वेळ आली. तिथले साहेब म्हणाले, "डावा नाही, तर उजवा लावा." त्याने लावला. काम झाले. पण घरी न जाता तो आमच्या ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "गुरुजी, जन्मभर डावा अंगठा हीच माझी सही. तो गेला. आता मी म्हणजे कोण?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. घरात नातवाची जुनी पाटी होती, ती आणली. म्हणालो, "अरे, लिहायचा हात तर शाबूत आहे. धर पेन्सिल."

त्या दिवशी त्याने एकच अक्षर गिरवले. दुसऱ्या दिवशी तो येणार होता. आणि खरे सांगतो, सकाळपासून आम्हीच चार वेळा रस्त्याकडे पाहिले. त्याला पाटी मिळाली आणि आम्हाला काम मिळाले. हा वर्ग तिथून सुरू झाला.

तो शेतकरी आज इथेच बसला आहे. वर्गाची हजेरी तोच लिहितो. कुणी दोन दिवस आला नाही, तर त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. बोटे परत आली नाहीत. थंडीत हात अजून ठणकतो. पण "मी कोण?" असे त्याने पुन्हा विचारले नाही.

आता एका बाईंची गोष्ट ऐका. त्यांचे नाव पार्वतीबाई आठवले. जन्म १८७० चा, कोकणात देवरूखचा. लहानपणीच लग्न झाले. विसाव्या वर्षी नवरा वारला. पदरात एक लहान मुलगा. त्या काळी ब्राह्मण घरातल्या विधवेचे केस काढत. शुभकार्यात तिला पुढे येऊ देत नसत. बाईचा जन्म संपला, असेच लोक धरून चालत.

पार्वतीबाईंची बहीण पुण्यात होती. बहिणीचे यजमान म्हणजे धोंडो केशव कर्वे. त्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. पंचविशी उलटल्यावर पार्वतीबाई पुण्यात येऊन शिकायला बसल्या. शिकल्या आणि पुढे आश्रमाच्याच कामाला लागल्या. आश्रमाला पैसा लागे. त्या गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करू लागल्या. १९१८ साली तर त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी धड येत नव्हते. लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, आणि १९२० साली परत आल्या. पुढे १९२८ साली त्यांची स्वतःची हकीकत 'माझी कहाणी' या नावाने छापून निघाली.

पाटी हाती घेतली, तेव्हा हे सारे त्यांना कुठे दिसत होते? पुढ्यात आले ते काम त्यांनी केले. त्यातून दुसरे काम निघाले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. "दुःख सरू दे, मग कामाला लागू," असे म्हणू नका. दुःख आपल्या वेळेने कमी होईल. तोवर हात रिकामा ठेवू नका. काम लहान चालेल, पण दुसऱ्याच्या उपयोगी पडणारे असावे. शेजारच्या पोराला शाळेत पोचवा. म्हाताऱ्या माणसाला आलेला कागद वाचून दाखवा. आता तुम्हाला वाचता येते! आपली वाट बघणारे एक जरी माणूस असले, तरी सकाळी उठावेसे वाटते.

आणि फारच जड झाले, तर एकटे कुढू नका. कुणाच्या तरी ओसरीवर जा. तो शेतकरी आला नसता, तर तो त्याच्या घरी आणि आम्ही आमच्या घरी, दोघेही बसून राहिलो असतो.

शेजारचा कुणी बरेच दिवस दिसला नाही, तर त्याच्या दारी जा. नुसता धीर देऊन परत येऊ नका. म्हणा, "बाबा, माझे एक काम अडले आहे. जरा येतोस का?"

एवढे बोलून थांबतो. उद्या सगळ्यांनी पाट्या आणा.