लाकूड, फरशी आणि मधली दर्ज



ज्या आदिलाबादच्या अरण्यांतील सागवान निजामी अंमलापासून नावाजलेले आहे, आणि जेथे वैशाखात पारा 44-45 अंशांवर चढून पौषात कित्येकदा एक अंकी होतो, त्या जिल्ह्यातील मावला येथे लाकूड आणि फरशी यांच्या सांध्याविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

जमिनीखालून ऊब देण्याची कल्पना प्राचीन आहे. रोमन स्नानगृहांत भट्टीची उष्ण हवा विटांच्या खांबांवर तोललेल्या जमिनीखालून खेळवीत. कोरियात चुलीचा धूर दगडी जमिनीखालून नेण्याची वहिवाट होती. आज थंड देशांत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांच्या घरी तेच कार्य कोब्यात पुरलेल्या नळ्यांतील कोमट पाणी करते. तेथे स्वयंपाकघराची फरशी संपून दिवाणखान्याची तक्तपोशी सुरू होते त्या रेषेवर दोन भिन्न प्रकृतींची गाठ पडते. भाजलेली फरशी दहा अंशांनी तापली तरी मीटरभर लांबीत मिलिमीटरचा दहावा हिस्साही वाढत नाही; सागवान मात्र उष्णतेपेक्षा उष्णतेने हिरावलेल्या ओलाव्यामुळे हलते, आणि तेही तंतूंच्या दिशेने नाममात्र, रुंदीकडे पुष्कळ. ओलावा चार टक्क्यांनी उतरला, तर आडव्या चिराईच्या फळ्यांची मीटरभर रुंदी मिळून सात मिलिमीटरांच्या आसपास आकसते. यास्तव फळ्यांची टोके फरशीकडे असली तर सांधा निर्धास्त राहतो. कडा फरशीला समांतर असल्या, तर तोच सांधा सर्व हालचालीचा भार वाहतो.

आपल्याकडे नळ्या नाहीत, परंतु उन्हाळ्याची कोरडी झळ आणि आषाढाची दमट हवा तेच काम आळीपाळीने करतात. शहाबादी फरशी सागवानी फळीला जेथे भिडते तेथली दर्ज सिमेंटाने लिंपून टाकण्याचा प्रघात मला सर्वथा अनिष्ट वाटतो. पावसाळ्यात फुगलेली फळी जागा न मिळाल्याने मध्येच उचलली जाते. उन्हाळ्यात ती आकसली, की सिमेंटाचा कपरा सुटून केरसुणीबरोबर बाहेर येतो, आणि त्या फटीत मुंग्यांची वसाहत होते.

याची तजवीज अवघड नाही. सात-आठ मिलिमीटरांची दर्ज मोकळी ठेवून तीत बुचाची पट्टी बसवावी, किंवा वरून सागवानी पट्टी केवळ एकाच बाजूस जखडून दुसरी बाजू सरकती ठेवावी. नळ्यांच्या घरी कोबा ऊब देऊन पुरता वाळवल्याखेरीज लाकूड आत आणू नये, मुरलेल्या फळ्या त्याच खोलीत काही दिवस ठेवाव्यात, आणि लाकडाचा पृष्ठभाग 27 अंशांपलीकडे तापू देऊ नये. लाकूड उष्णता सावकाश वर सोडते, म्हणून जाड फळीचा हव्यासही येथे उपयोगाचा नाही. थरांची जोडफळी अधिक स्थिर राहते.

घर बांधणाऱ्यांस माझी आग्रहाची विनंती आहे, की कोबा पडण्यापूर्वीच सुतार आणि गवंडी यांना एका बैठकीत बसवून फळीची जाडी, फरशीची जाडी आणि मधल्या दर्जेची रुंदी कागदावर मुक्रर करून घ्यावी.