सुरुंगाच्या हादऱ्याचा आकडा मागा

(मंडळाच्या सभेतील भाषण)



1956 साली राजुरा आणि किनवट तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आपण आदिलाबादेतच राहिलो. 2016 साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि मंचेरियल-आसिफाबादचा कोळसापट्टा वेगळा पडला. पण सोयरीक तुटली नाही, आणि सुरुंगाचा हादराही हद्द पाहत नाही. गिट्टीची खदान असो की कोळशाची, जवळच्या घरांचे दुखणे एकच.

भिंतीला तडा गेला की आपण म्हणतो, ‘केवढा आवाज झाला!’ साहेब म्हणतात, ‘आवाजाने भिंत फुटत नाही.’ विषय तिथेच संपतो. म्हणून आपण आवाजाची नव्हे, आकड्याची भाषा बोलू या.

खिडक्या बहुधा हवेच्या दाबाने खडखडतात. भिंतीला खरा धोका जमिनीतून येणाऱ्या हादऱ्याचा. तो मोजतात सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने जमीन हलली यावर. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकाने, खाणमालकाच्या मालकीची नसलेल्या राहत्या घरांसाठी मर्यादा घातली आहे. कंपने 8 हर्ट्झहून कमी असतील तर 5 मिलिमीटर, 8 ते 25 असतील तर 10, त्याहून जास्त असतील तर 15. संथ हादरा घराला अधिक हलवतो, म्हणून तिथे मर्यादा कडक.

हादरा आवरता येतो. एका क्षणी किती दारू फुटते यावर त्याचा जोर ठरतो. सगळी भोके एकदम न उडवता काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवली, तर तेवढाच दगड कमी हादऱ्यात निघतो. ढोबळ हिशेब असा की घर निम्म्या अंतरावर आले, तर एका क्षणाची दारू चौथाईवर आणावी लागते. वस्ती खदानीकडे सरकली, किंवा खदान वस्तीकडे, की जुना हिशेब चालत नाही.

आपणही खरे बोलावे. अगदी लहान हादराही माणसाला जाणवतो. प्रत्येकाने तडा जात नाही. काळ्या मातीवरची जुनी घरे पावसाळ्या-उन्हाळ्यातही तडकतात. म्हणून आजच भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा. पुरावा नसेल तर खरी तक्रारही खोटी ठरते.

आपल्या मागण्या तीन. सर्वात जवळच्या घराशी हादरामापक यंत्र बसवून प्रत्येक बाराचा आकडा, कंपनसंख्येसह, ग्रामपंचायतीत लावावा. बाराची वेळ आधी जाहीर व्हावी. नवीन खदानीत पहिल्या बाराआधी घरांची पाहणी व्हावी.

अर्ज महासंचालनालयाच्या हैदराबाद कार्यालयाकडे करा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. मोठ्या खाणीच्या पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी होते. तिथे आपली माणसे गेली पाहिजेत. तेलुगू शेजाऱ्यांनाही बरोबर घ्या, कारण भिंत त्यांचीही हलते. खदान बंद करा असे आम्ही म्हणत नाही. कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटते. मोजून काम करा, एवढेच आमचे म्हणणे.