गच्चीवरचा पाऊस
(मंडळाच्या मासिक बैठकीत छंदांविषयी केलेले भाषण)



मागच्या बैठकीत काकूंनी पेटीवर नाट्यगीतं वाजवली, त्याआधी एकांनी हिमालयातल्या पायवाटांचे फोटो दाखवले. आणि आज माझ्या हातात हा पत्र्याचा डबा. चिवडा वगैरे काही आणलेला नाही, आधीच सांगतो. हा पाऊस मोजायचा डबा आहे आणि हाच माझा छंद. मी राज्य शासनाच्या नोकरीत उपयंत्री आहे, पॉलिटेक्निकचा सिव्हिलचा डिप्लोमा. भाषणाची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

डब्याची रचना सोपी आहे. वर नरसाळं, त्याचं तोंड १६ सेंटिमीटर व्यासाचं. म्हणजे क्षेत्रफळ जवळपास २०१ चौरस सेंटिमीटर. खाली पाच लिटरचा कॅन. कॅनमध्ये साधारण वीस मिलिलिटर पाणी जमलं की एक मिलिमीटर पाऊस झाला असं समजायचं. आपण इंदूरची माणसं अजून इंचात बोलतो, तर २५.४ मिलिमीटर म्हणजे एक इंच. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर ते सुमारे २,३६० लिटर पाणी होतं. नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून आपल्या नळाला येतं आणि हे गच्चीवरून सरळ गटारात जातं. पण तो विषय काढला तर इथेच रात्र होईल.

डबा माझा नाही, आप्पांचा. माझे वडील कापड गिरणीत होते. १९८८ साली, मी तिसरीत असताना, त्यांनी ओळखीच्या कारागिराकडून हे नरसाळं करून घेतलं. निमित्त होतं पंचांगाचं. आमची आजी पंचांगातली पावसाची वाहनं वाचून दाखवायची. मृगाला कोल्हा, आर्द्राला म्हैस, असं काही. बेडूक, म्हैस, हत्ती आले की आजी खूश. आप्पा म्हणाले, आई, आपण मोजूनच बघू. मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनला आणि इंदूरला मोसमी पाऊस यायचा तो जूनच्या मध्यानंतर. त्यामुळे मृगाच्या वाहनाला आमच्याकडे बहुतेक वेळा कोरडंच पाठवावं लागायचं. एकदा म्हैस वाहन असलेल्या नक्षत्रात जेमतेम अर्धा इंच झाला. आजी शांतपणे म्हणाली, "म्हैस महाराष्ट्रात बसली असेल."

पाऊस मोजण्याचं हे खूळ एकट्या आप्पांचं नव्हे बरं का. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी पाऊस मोजायला रुंद तोंडाचं कुंड ठेवायला सांगितलं आहे. कुठल्या देशात किती पाऊस, हेही त्यात आहे. अवंतीचा, म्हणजे आपल्या माळव्याचा, २३ द्रोण. आणि अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा, मोजमापाच्या बाहेर. आपल्या उज्जैनच्या वराहमिहिरानेही बृहत्संहितेत हातभर रुंदीच्या भांड्याने पाऊस मोजायला सांगितलं आहे. हे वाचलं तेव्हा आप्पांना केवढा आनंद झाला होता! आठ दिवस येईल त्याला ऐकवत होते.

आप्पा रोज सकाळी साडेआठला गच्चीवर जात. देशभर हीच वेळ पाळतात, कारण तेव्हा ग्रीनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि जगभरच्या नोंदी एकमेकींशी जुळवता येतात. पहिली पाळी असली की आई मोजायची. दीडशे पानी वह्या, निळी शाई, उजवीकडे शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात आप्पा काय वाट्टेल ते लिहीत. "रात्री वीज फार." "नाशिकला लग्न, नोंद नाही." आणि एके ठिकाणी नुसतंच, "विसरलो."

हा शब्द मी लहानपणी कितीदा वाचला असेन. त्याचं मोल कळायला नोकरी लागावी लागली.

२००४ चा पावसाळा. धार जिल्ह्यातल्या एका लहान तलावावर माझी नेमणूक होती. तिथे पर्जन्यमापक होता आणि त्याची नोंद चौकीदार घेत असे. तो आजारी पडला म्हणून आठ दिवस ते काम माझ्याकडे आलं. मी राहायचो गावात, तलाव सहा किलोमीटरवर, वाटेत सगळी काळी माती. माळव्यातली काळी माती भिजली की काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. चप्पल राहते मागे आणि पाय येतो पुढे. एक दिवस मी गेलो नाही. खोलीच्या खिडकीतून पाहिलं, पाऊस बेताचाच होता. दुसऱ्या दिवशी तलावावर जाऊन रजिस्टरात आदल्या दिवसाचे १२ मिलिमीटर लिहून टाकले. अक्षर सुरेख आलं होतं.

चौकीदार बरा होऊन परतला. रजिस्टर चाळता चाळता त्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. म्हणाला, "साब, उस दिन तो रपटा डूब गया था."

रागावला नव्हता तो. त्याला वाटलं, साहेबांची ओळ चुकली. मी "अच्छा?" म्हणालो आणि रजिस्टर मिटलं. तो आकडा वर गेला, महिन्याच्या बेरजेत बसला, अजूनही तिथेच असेल. पुढे त्या नाल्यावर कुणी काही बांधायला निघालं, तर सांडवा किती रुंद ठेवायचा, पुलाखालून किती पाणी जाऊ द्यायचं, हे अशाच जुन्या आकड्यांवरून ठरणार. आणि त्यात माझे खिडकीतून पाहिलेले बारा.

सुट्टीत घरी आलो तेव्हा आप्पांना सांगितलं. वाटलं, हसतील. ते उठले, कपाटातून वही काढली आणि "विसरलो" चं पान माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "एवढं लिहायला काय जात होतं तुझं?"

मी म्हणालो, "आप्पा, सरकारी रजिस्टरात असं नाही लिहिता येत."

"मग रेघ मार. पण आकडा नको."

त्यानंतर ते माझ्याशी दिवसभर फारसं बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र स्वतःच सराफ्यात घेऊन गेले.

२०१६ च्या जुलैत आप्पा गेले. दिवसकार्य होईपर्यंत गच्चीवर कुणी फिरकलं नाही. चौदाव्या दिवशी सकाळी मी वर गेलो, तर कॅन अर्धाअधिक भरलेला. मोजलं, १३१ मिलिमीटर. एकूण पाऊस हातात होता, पण कुठल्या दिवशी किती ते कुणालाच ठाऊक नाही. वर्तमानपत्रं पाहून वाटणी करता आली असती. मी तेरा तारखा एकाखाली एक लिहिल्या, शेजारी एक मोठा कंस काढला आणि कंसाबाहेर १३१. शेऱ्याच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. वहीत माझ्या अक्षरातली रोजची नोंद तिथून सुरू होते.

आता २०२० ची गोष्ट. २१ ऑगस्टची रात्र, दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. त्या साली मंडप नव्हते, बाप्पा घराघरातच बसणार होते. हिची हरितालिका, त्यामुळे घरात जाग होती. पाऊस असा कोसळत होता की शेजारी बसून बोललेलं ऐकू येईना. दोनच्या सुमारास लक्षात आलं की कॅन भरत आला असणार, मधेच मोजून रिकामा करायला हवा. छत्री घेतली तशी ही दारात उभी राहिली. "डब्यापायी जीव देता का? विजा बघा बाहेर." आणि विजा खरंच होत्या. नाही गेलो.

सकाळी कॅन काठोकाठ. इंदूरला त्या चोवीस तासांत दहा इंचांहून जास्त पाऊस झाला होता आणि माझ्या कॅनमध्ये मावतात २४९ मिलिमीटर. बत्तीस वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस आणि तोच माझ्या हातून सांडला! मुलगी म्हणाली, "बाबा, पेपरात येईल ना आकडा, तोच लिहा." पण तो विमानतळावरचा पाऊस, आमच्या गच्चीवरचा नव्हे. मी लिहिलं, "२४९ पेक्षा जास्त. कॅन वाहिला." शेऱ्यात पुढे जोडलं, "रात्री वर गेलो नाही."

खोटं कशाला बोलू, अजून चुटपूट आहे.

या उद्योगाचा उपयोग काय, असं विचारतात. एक सांगतो. माझा एक शेतकरी मित्र आहे, महूकडचा. सोयाबीन पेरायच्या आधी शंभर मिलिमीटर, म्हणजे चार इंच, पाऊस व्हावा, असं इथलीच सोयाबीन संशोधन संस्था सांगते. तो जूनमध्ये फोन करून विचारायचा, किती झाला? मी म्हणायचो, अरे, माझ्या गच्चीचा आकडा तुझ्या शेताला काय कामाचा? शेवटी त्याला एक डबा करून दिला. आता तो मला फोन करून त्याचा पाऊस सांगतो, आणि माझ्यापेक्षा जास्त झाला असेल तर जरा जोरातच सांगतो.

त्यावरून सुचलं. पावसाळ्यात लोकमान्यनगरात रस्ता वाहत असतो आणि विजयनगरात धूळ उडत असते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आपली मंडळी शहरभर विखुरलेली आहेत. पाच-सहा घरांतून नोंद झाली तर एकाच दिवसाचा इंदूरचा पाऊस शेजारी शेजारी मांडून पाहता येईल. डबा मोकळ्या जागी हवा. शेजारी भिंत किंवा टाकी असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवायचा. वेळ सकाळी साडेआठ. पाऊस नसेल तर शून्य, पाहिलं नसेल तर रेघ. या दोन्हींत गल्लत करू नका, एवढी एकच अट.

सहा डबे करून आणले आहेत, मागच्या टेबलावर आहेत. चहा घेताना बघा. त्यातल्या एकाचा सांधा गळतो, त्यावर खडूने फुली केली आहे. तो सोडून कुठलाही उचला.