खेळ आणि प्रेक्षक यांतील अंतर

केजसारख्या गांवीं कुस्तीचा फड रंगला, कीं प्रेक्षक आखाड्याला खेटून बसतो. मल्लाचा श्वासहि त्याला ऐकूं येतो. अशा प्रेक्षकाला बालेवाडीचें क्रीडांगण परकें वाटेल. पुण्याचें हें संकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठीं सज्ज झालें. २०१४ पासून कांहीं वर्षें तेथें इंडियन सुपर लीगचे फुटबॉल सामने झाले. पण मैदानाभोंवतीं ४०० मीटरची धावपट्टी! तिच्या आठ मार्गिकांचीच रुंदी सुमारें १० मीटर. गोलखांबांमागें तर वळणामुळें अंतर आणखी वाढतें. समोरचा गोल झाला कीं हुकला, हेंच तेथून चटकन कळत नाहीं.

एका मैदानांत सर्व खेळ बसविणें काटकसरीचें खरें. केजला दोन मैदानें परवडणार नाहींत. तेथें धावपट्टी फक्कीनेंच आंखावी. फुटबॉलच्या दिवशीं तिच्यावर प्रेक्षकांची बैठक घालतां येईल.